गोल्ड आयआरए : किमान रक्कम नक्की किती? १०,००० की ५०,००० डॉलर?

एडिसनकर | ६ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

अमेरिकेतल्या गोल्ड आयआरएबद्दल (आयआरए म्हणजे निवृत्तीसाठीचं करसवलतीचं वैयक्तिक खातं, इथे प्रत्यक्ष सोनं ठेवणारं) नेमकी माहिती हवी आहे. जुन्या कंपनीच्या ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत योजनेत, ६२,००० डॉलर पडून आहेत, सगळे करपूर्व, म्हणजे कर अजून भरायचाय. वय ४४, न्यू जर्सीत नोकरी. त्यातले काही प्रत्यक्ष सोन्यात ठेवायचे आहेत. तीन डीलरांना विचारलं तर किमान रकमेचे तीन आकडे मिळाले : १०,०००, २५,००० आणि ५०,०००. तिसरा म्हणतो, हा आयआरएसचाच, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचाच, नियम आहे.

१. कायद्याने किमान रक्कम ठरलेली आहे का?
२. नसेल तर हे आकडे कुठून येतात, आणि कमीत कमी किती घातले तर परवडतं?
३. रोलओव्हर (जुन्या योजनेतले पैसे आयआरएमध्ये हलवणं) न करता दरवर्षी थोडे थोडे भरून हे खातं चालवता येईल का?
४. सोनं की चांदी? "तेवढ्याच पैशात चांदी ढीगभर येते" असा डीलरचा आग्रह आहे.

"सोन्यात पैसे घालूच नका" हा सल्ला कृपया नको, तो घरी रोज फुकट मिळतो.

---

खतावणी | ६ डिसेंबर २०२५, रात्री १०.५५

तिसऱ्याने सांगितलं ते साफ खोटं. आयआरएसने किमान रक्कम कुठेही ठरवलेली नाही. मर्यादा आहे ती वरची : २०२५ साठी वर्षाला ७,००० डॉलर, वय ५० किंवा जास्त असेल तर ८,०००. २०२६ साठी ७,५०० आणि ५० च्या पुढच्यांना ८,६००. तुमची ट्रॅडिशनल (कर पैसे काढताना) आणि रॉथ (कर आधीच भरलेला) अशी सगळी आयआरए खाती मिळून ही मर्यादा. रोलओव्हरला ती लागू नाही.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. वर्षाला ७,००० च्या वर भरता येत नाही आणि डीलर निदान १०,००० मागतो. म्हणजे पगारातून नव्याने सुरुवात करणारा त्यांना गिऱ्हाईक म्हणून नकोच आहे. किमान रक्कम सांगणं म्हणजे "जुन्या ४०१(के)मध्ये किती साठलंय?" हेच आडून विचारणं. बर्च गोल्डची जाहीर किमान रक्कम १०,०००, ऑगस्टा प्रेशस मेटल्सची ५०,०००. दोघांनाही कायदा तोच आहे, फक्त गिऱ्हाईक कोणतं हवं ते वेगळं. ५,००० च्या ऑर्डरला फोनवरचा वेळ आणि कागदपत्रं ५०,००० च्या ऑर्डरइतकीच लागतात, मग विक्रेता लहान ऑर्डर का घेईल?

या खात्यात तीन वेगवेगळे लोक असतात आणि सगळा घोळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो. डीलर धातू विकतो. कस्टोडियन खातं चालवतो आणि आयआरएसला फॉर्म पाठवतो. डिपॉझिटरी तिजोरी सांभाळते, उदाहरणार्थ विल्मिंग्टनची डेलावेअर डिपॉझिटरी. मोठी किमान रक्कम जवळजवळ नेहमी डीलरची असते. तुम्ही आधी कस्टोडियनकडे थेट खातं उघडून मग डीलर स्वतः निवडू शकता. नाणी-लगडी ऑनलाइन विकणारे बरेच जण कस्टोडियनच्या लेखी आदेशावर डिपॉझिटरीला माल पाठवतात आणि पाचआकडी किमान रक्कम मागत नाहीत. टीव्हीवर जाहिरात करणारे हा रस्ता सांगणार नाहीत.

परवडण्याचा हिशेब स्थिर खर्चावर आहे. खातं उघडायचे एकदाच साधारण ५० डॉलर. कस्टोडियनचे वर्षाला १०० च्या आसपास, साठवणीचे १०० ते १५०, आपला माल वेगळा ठेवायचा असेल तर आणखी. धरून चला वर्षाला २५०. मग :

५,००० वर ५ टक्के
१०,००० वर २.५ टक्के
२५,००० वर १ टक्का
५०,००० वर अर्धा टक्का

सोनं ना व्याज देतं ना लाभांश, त्यामुळे हे पैसे मुद्दलातूनच जातात. ५,००० चं खातं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझी रेघ २५,००० वर आहे. त्याखाली प्रत्यक्ष धातूचं खातं उघडू नये.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : येतं, पण मजा नाही. हिशेबापुरता सोन्याचा भाव औंसाला ४,२०० धरू. ७,००० भरले. एक औंसाचं ईगल (अमेरिकन सरकारचं नाणं) ५ टक्के प्रीमियमने, म्हणजे धातूच्या भावावरच्या जादा आकाराने, ४,४१०. अर्ध्या औंसाचं ८ टक्क्यांनी २,२६८. पहिल्या वर्षाचे शुल्क ३००. खात्यात उरले २२ डॉलर. पुढच्या वर्षी शुल्क द्यायलाही नवे पैसे भरावे लागणार. एक सोय मात्र आहे : १ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात मागच्या आणि चालू अशा दोन्ही वर्षांचे पैसे भरता येतात. म्हणजे जानेवारी २०२६ मध्ये ७,००० अधिक ७,५०० मिळून १४,५०० एकदम. त्या त्या वर्षी तेवढी कमाई हवी, आणि चेकवर कोणत्या वर्षाचे ते लिहायला विसरू नका. लिहिलं नाही तर कस्टोडियन चालू वर्षात जमा करतो आणि मर्यादेपेक्षा जास्त भरल्याचा दंड, वर्षाला ६ टक्के, मागे लागतो.

---

वाल-गुंज | ७ डिसेंबर २०२५, सकाळी ७.१५

खतावणींच्या हिशेबात एक मोठी बाजू राहिली. वार्षिक शुल्क डोळ्यांना दिसतं म्हणून सगळे त्याच्यावर बोलतात. खरं नुकसान खरेदीच्या दिवशी होतं.

आपल्याकडे दागिन्याची घडणावळ असते आणि मोडीला दिला की ती बुडते. तसंच इथे स्पॉट भावावरचा, म्हणजे धातूच्या त्या वेळच्या बाजारभावावरचा, प्रीमियम. साध्या एक औंसाच्या ईगलवर तो ३ ते ५ टक्के असला तर ठीक. पण फोनवरचा विक्रेता तुम्हाला "मर्यादित आवृत्ती", "प्रूफ" (संग्रहासाठी खास पाडलेली) किंवा त्यांच्यासाठीच पाडलेली नाणी दाखवेल. त्यांचा प्रीमियम २५ टक्के असला तर काय होतं बघा. १०,००० दिले, धातू मिळाला ८,००० चा. परत विकताना स्पॉटपेक्षा १ टक्का कमी मिळाला तर हातात ७,९२०. सोनं २६ टक्के चढेल तेव्हा तुम्ही मूळ जागी याल. साध्या नाण्यावर ५ टक्के प्रीमियम असता तर हेच ६ टक्के झालं असतं. त्यापुढे वर्षाच्या २५० डॉलरांचं काय घेऊन बसलात? १०,००० साध्या नाण्यांत घालणारा, ५०,००० "खास" नाण्यांत घालणाऱ्यापेक्षा कधीही बरा.

"१०,००० च्या वर गेलात तर चांदी मोफत" ही जाहिरातही त्याच प्रीमियममधून निघते. मोफत चांदीचा भाव विचारू नका, मुख्य नाण्यांचा विचारा.

यातली टोकाची गोष्ट सांगायची तर सप्टेंबर २०२० मध्ये सीएफटीसी (वायदेबाजारावर देखरेख करणारी अमेरिकन सरकारी संस्था) आणि ३० राज्यांनी मिळून मेटल्स डॉट कॉम चालवणाऱ्यांवर टेक्सासच्या फेडरल कोर्टात फसवणुकीचा दावा लावला. रक्कम १८ कोटी ५० लाख डॉलर, आणि गिऱ्हाईकं बहुतेक वयस्कर, निवृत्तीचे पैसे हलवलेली. धातू खरा होता. भाव खोटा होता.

कोणता माल चालतो, तेही नीट बघून घ्या. इंटर्नल रेव्हेन्यू कोड या अमेरिकन करकायद्याच्या कलम ४०८(एम) प्रमाणे आयआरएने संग्राह्य वस्तू घेतली तर तेवढी रक्कम तुम्ही काढून घेतली असं धरतात. नाणी आणि धातू त्यातच येतात. त्याला अपवाद दिले आहेत. सोनं निदान ९९५ (हजारात ९९५ भाग) शुद्धतेचं, चांदी ९९९, प्लॅटिनम आणि पॅलेडियम ९९९.५. अमेरिकन ईगल सोन्याचं नाणं मात्र २२ कॅरेट, म्हणजे ९१६.७, तरी चालतं, कारण कायद्यात त्याचा वेगळा उल्लेख आहे. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँडही २२ कॅरेटच, पण ते चालत नाही. कॅनडाचं मेपल लीफ आणि अमेरिकन बफेलो ९९९.९ चे, दोन्ही चालतात.

ईगलचं वजन ३३.९३ ग्रॅम भरतं. २२ कॅरेट आहे म्हणून सोनं कमी आहे असं समजू नका, आतलं शुद्ध सोनं पूर्ण एक ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम आहे. आपल्या आजच्या तोळ्याने तीन तोळ्यांना थोडं वर.

चौथा प्रश्न. चांदी ढीगभर येते हे खरंच आहे, आणि तीच अडचण आहे. औंसाला ६० डॉलर धरले तर २५,००० ची चांदी जवळपास ४१६ औंस, म्हणजे १३ किलो. तेवढ्याच पैशाचं सोनं सहा औंसही भरत नाही, साडेअठरा तोळे. तिजोरी जागेचं भाडं घेते. जिथे साठवणीचं शुल्क वजनावर किंवा नाण्यांच्या संख्येवर आहे तिथे चांदी महाग पडते. चांदीच्या नाण्यांवरचा प्रीमियमही टक्क्यांत सोन्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि विक्रेत्याचा आग्रह बहुधा तिथूनच आला असेल. लहान खात्यात फक्त सोनं, तेही एक औंसाची नाणी. पाव आणि दशांश औंसाची नाणी दिसायला गोड, पण दर औंसाचा हिशेब मांडला की डोळे पांढरे होतात.

---

एडिसनकर | ७ डिसेंबर २०२५, सकाळी ११.०५

दोघांचे आभार. आणखी तीन शंका.

घरात पुण्याहून घेतलेली २४ कॅरेटची वेढणी आणि काही नाणी आहेत. ती या खात्यात घालून किमान रक्कम भरून काढता येईल का? दुसरं, एका डीलरने सांगितलं की एलएलसी, म्हणजे स्वतःची छोटी खासगी कंपनी, काढली की नाणी घरच्या तिजोरीत ठेवता येतात आणि डिपॉझिटरीचा खर्च वाचतो. तिसरं, ४०१(के)वाले विचारतात की चेक तुमच्या नावाने पाठवू का.

---

रोजकीर्द | ७ डिसेंबर २०२५, दुपारी २.३०

तिन्हींना नाही. कारणं सांगतो.

घरचं सोनं. आयआरएमध्ये वार्षिक भरणा रोख रकमेतच करावा लागतो, वस्तूत नाही. बरं, आयआरएने ते तुमच्याकडून "विकत" घ्यावं म्हणाल तर स्वतःशी केलेला व्यवहार त्याच करकायद्याच्या कलम ४९७५ ने निषिद्ध आहे. पत्नी, आईवडील, मुलं, सुना-जावई यांच्याशी केलेलाही. शिक्षा नाण्यापुरती नाही : पूर्ण खातंच वर्षाच्या पहिल्या दिवसापासून आयआरए राहत नाही आणि सगळ्यावर कर बसतो. वेढणी लॉकरमध्येच राहू द्या.

घरची तिजोरी. याच मुद्द्यावर मॅकनल्टी नावाचा खटला टॅक्स कोर्टात चालला, निकाल नोव्हेंबर २०२१ चा. आयआरएने एलएलसी घेतली, एलएलसीने ईगल नाणी घेतली, नाणी घरच्या तिजोरीत. रक्कम चार लाख डॉलरांच्या वर. कोर्टाने म्हटलं की नाण्यांवर खातेदाराचा बेबंद ताबा होता, म्हणजे ती काढून घेतल्यासारखीच. सगळ्यावर कर, वर दंड. ईगलला कायद्यात सवलत आहे हा बचाव चालला नाही. बँकेचा लॉकर स्वतःच्या नावावर असेल तर तोही याच माळेतला. ९९५ च्या सोन्याबाबत तर कायदाच सांगतो की ताबा ट्रस्टीकडे हवा. अशी सूचना करणाऱ्या डीलरचा फोन नंबर ब्लॉक करा. तो चुकून सांगत नाहीये, जाणूनबुजून सांगतोय.

चेक. तुमच्या नावाने मुळीच नको. ४०१(के)मधून पैसे तुमच्या हातात आले की २० टक्के कर कापून घेणं योजनेवर बंधनकारक आहे. ६२,००० पैकी १२,४०० कापले, तुम्हाला आले ४९,६००. आता ६० दिवसांत पूर्ण ६२,००० नव्या खात्यात गेले पाहिजेत, म्हणजे १२,४०० खिशातून घाला आणि पुढच्या रिटर्नमध्ये परताव्याची वाट बघा. घातले नाहीत तर त्या १२,४०० वर नेहमीचा कर, आणि वय ५९½ च्या आत म्हणून १० टक्के दंड, १,२४० डॉलर.

बरोबर क्रम असा. आधी कस्टोडियनकडे ट्रॅडिशनल सेल्फ-डायरेक्टेड (गुंतवणूक स्वतः निवडता येणारी) आयआरए उघडायची आणि खाते क्रमांक घ्यायचा. मग ४०१(के)वाल्यांना फोन करून "डायरेक्ट रोलओव्हर" हेच शब्द वापरायचे. चेक कस्टोडियनच्या नावाने निघतो, त्यावर "अमुकच्या लाभासाठी" असा तुमच्या नावाचा उल्लेख आणि खाते क्रमांक असतो. असा चेक तुमच्या पत्त्यावर आला तरी चालतं, तो तुमच्या नावाने नसतो म्हणून कर कापला जात नाही. न उघडता पुढे पाठवायचा. काही योजनांना जोडीदाराची नोटरीसमोर केलेली सही लागते, ती आधीच विचारा.

इथे मराठी मंडळींचा हमखास अडकणारा भाग म्हणजे नाव. ४०१(के)मध्ये वडिलांचं नाव मधल्या जागी, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर, आणि कस्टोडियनच्या अर्जात तेही नाही. चेक परत जातो आणि तीन आठवडे फुकट. तिन्ही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं करून मगच पैसे हलवा.

पैसे जमा झाल्यावर डीलरशी फोनवर भाव पक्का होतो. तो कॉल ध्वनिमुद्रित असतो आणि "हो" म्हटलं की सौदा झाला. मागे फिरलात आणि दरम्यान भाव पडला तर फरक तुमच्याकडून घेतात. म्हणून जमा झाल्याची खात्री होण्याआधी "भाव लॉक करून ठेवतो" म्हणणाऱ्याला नकार द्या. मग तुम्ही खरेदीच्या आदेशावर सही करता, त्यावर नाण्याचं नाव, साल, संख्या आणि दर औंसाचा भाव लिहिलेला असला पाहिजे. नुसतं "सोनं, २५,०००" लिहिलेल्या कागदावर सही करू नका. कस्टोडियन डीलरला पैसे देतो, माल डिपॉझिटरीत जातो, पोचपावती खात्यात दिसते. सगळं मिळून तीन ते पाच आठवडे धरा.

खात्यातले सगळे पैसे सोन्यात घालू नका. वर्षभराच्या शुल्काएवढे रोख ठेवा, नाहीतर कस्टोडियन नाणं विकून शुल्क वसूल करू शकतो, आणि अडीचशे डॉलरच्या शुल्कासाठी अख्खं नाणं विकलं जातं. बाहेरून कार्डावर शुल्क भरायची सोय असेल तर ती घ्या. प्रशासकीय शुल्क बाहेरून भरलं तर ते तुमच्या वार्षिक भरण्यात मोजत नाहीत.

---

सव्वाशेर | ७ डिसेंबर २०२५, सायं. ६.१०

किमान रक्कम हाच प्रश्न असेल तर १०,००० च्या खालचे दोन रस्ते कोणी सांगितले नाहीत.

पहिला : फिडेलिटी या ब्रोकरच्या साध्या आयआरएमधून काही ठराविक नाणी आणि लगडी घेता येतात. आयआरएसाठी किमान खरेदी १,००० डॉलर, प्रत्येक व्यवहाराला किमान ४४ डॉलर शुल्क आणि साठवणीचे तिमाही ०.१२५ टक्के, म्हणजे वर्षाला अर्धा टक्का. हा पर्याय वेबसाइटवर खरेदीच्या बटणाने मिळत नाही, प्रतिनिधीला फोन करावा लागतो, त्याच फोनवर त्या दिवसाचे दर विचारून घ्या. ५,००० वर साठवणीचे २५ डॉलर, २५० नाहीत. मात्र १,००० ची खरेदी करून ४४ दिले तर आत शिरतानाच जवळपास साडेचार टक्के गेले, म्हणून निदान काही हजारांची एकदम करा.

दुसरा : सोन्याचे ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणारे, शेअरसारखे घेता येणारे फंड. कोणत्याही ब्रोकरच्या आयआरएमध्ये एक शेअर घेता येतो, काहींकडे त्याचाही तुकडा. अशा तीन फंडांपैकी वार्षिक खर्च जीएलडीचा ०.४०, आयएयूचा ०.२५, जीएलडीएमचा ०.१० टक्के. २५,००० वर अनुक्रमे १००, ६२.५० आणि २५ डॉलर. बाहेरच्या साध्या खात्यात या ईटीएफवर दीर्घ मुदतीचा नफा झाला तर तो संग्राह्य वस्तूच्या २८ टक्क्यांपर्यंतच्या दराने करपात्र असतो, आयआरएमध्ये तो मुद्दाच उरत नाही. आत कितीही खरेदी-विक्री करा, ट्रॅडिशनल खात्यात कर लागतो तो पैसे काढताना, आणि तो नेहमीच्या उत्पन्नाच्या दराने.

नाणं हातात घेऊन बघायचं असेल तर हे तुमच्यासाठी नाही. पण डिपॉझिटरीतलं नाणं तरी कुठे रोज बघायला मिळतं?

---

वाल-गुंज | ७ डिसेंबर २०२५, सायं. ७.४०

@सव्वाशेर, एवढं सरळ नाही. डिपॉझिटरीतली नाणी पुढे नाणी म्हणूनच घरी मागवता येतात, त्या दिवसाच्या किमतीवर कर भरून. ईटीएफचा लहान गुंतवणूकदार धातू मागू शकत नाही, त्याला पैसेच मिळतात. ज्याला शेवटी धातूच हवा आहे त्याला हा फरक छोटा नाही. ज्याला फक्त भावाशी मतलब आहे त्याने ईटीएफच घ्यावा, हे मात्र मान्य.

---

खतावणी | ७ डिसेंबर २०२५, रात्री ९.२०

एक गोष्ट कालच लिहायला हवी होती. एडिसनकर, तुम्ही बॅकडोअर रॉथ करता का, म्हणजे उत्पन्न जास्त म्हणून आधी ट्रॅडिशनलमध्ये कर भरलेले पैसे घालून मग ते रॉथमध्ये नेता का? करत असाल तर ६२,००० ट्रॅडिशनल आयआरएमध्ये आणण्याआधी दहादा विचार करा.

फॉर्म ८६०६ वर ३१ डिसेंबरची तुमची सगळी ट्रॅडिशनल आयआरए खाती एकत्र मोजतात, सोन्याचं खातं धरून. ६२,००० करपूर्व आणि ७,००० कर भरलेले, एकूण ६९,०००. यातले ७,००० रॉथमध्ये नेले तर करमुक्त भाग फक्त १०.१ टक्के. म्हणजे सुमारे ६,२९० डॉलरवर कर. बॅकडोअर बंदच झालं म्हणा. अशा वेळी जुने पैसे सध्याच्या कंपनीच्या ४०१(के)मध्ये नेणं शहाणपणाचं, आणि सोनं हवंच असेल तर रॉथमध्ये ईटीएफ.

न्यू जर्सीचं आणखी एक. ट्रॅडिशनल आयआरएच्या भरण्याला राज्याच्या करात वजावट नाही. रोलओव्हरशी याचा संबंध नाही, पण दरवर्षी पैसे भरून खातं चालवायचं असेल तर हिशेबात धरा.

---

एडिसनकर | ८ डिसेंबर २०२५, सकाळी ८.००

बॅकडोअर केलेलं नाही, उत्पन्न रॉथच्या मर्यादेत आहे. तरी मुद्दा लक्षात राहील. आता विचार असा : २५,००० प्रत्यक्ष सोन्यात, ३७,००० साध्या आयआरएमध्ये इंडेक्स फंडात. काही वर्षांनी भारतात परतायची शक्यता आहे, त्याने काही बिघडतं का?

---

परतीचा रस्ता | ८ डिसेंबर २०२५, दुपारी १२.४५

विभागणी चांगली आहे, आणि त्याचा एक फायदा तुम्हाला म्हातारपणी कळेल. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना वयाच्या ७५ व्या वर्षापासून दरवर्षी सक्तीने काही रक्कम काढावी लागते. मागच्या ३१ डिसेंबरची किंमत भागिले आयआरएसच्या तक्त्यातला आकडा, ७५ ला तो २४.६. नाण्याचा तुकडा तोडता येत नाही, मग नको तेव्हा अख्खं नाणं विकावं लागतं. पण सगळ्या ट्रॅडिशनल आयआरएची सक्तीची रक्कम एकत्र करून कोणत्याही एकातून काढली तरी चालते. तुमचं इंडेक्स फंडाचं खातं सोन्याच्या वाटणीची रक्कमही देईल. ४०१(के)मधून काढलेले पैसे मात्र यात मोजत नाहीत.

भारतात परतल्यावरच्या गोष्टी :

सेल्फ-डायरेक्टेड कस्टोडियन परदेशी पत्ता चालवतो का, हे खातं उघडण्याआधी लेखी विचारा. नंतर "खातं बंद करा" असं पत्र आलं तर दुसरा कस्टोडियन शोधून हस्तांतर करावं लागतं, आणि धातूसकट हलवणं म्हणजे कागदांचा ढीग. अमेरिकेसाठी अनिवासी झालात की काढलेल्या रकमेवर सर्वसाधारणपणे ३० टक्के कर कापतात, डब्ल्यू-८ बेन हा अनिवासी असल्याचा फॉर्म द्यावा लागतो.

भारतात निवासी झाल्यावर खात्यात वाढलेल्या रकमेवर दरवर्षी कर लागू नये, काढताना लागावा यासाठी २०२१ मध्ये आयकर कायद्यात कलम ८९ए आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांना ते लागू आहे. त्यासाठी फॉर्म १०-ईई रिटर्नच्या मुदतीआधी भरावा लागतो, आणि एकदा निवड केली की मागे घेता येत नाही. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे, सीएला तेव्हाचा क्रमांक विचारा.

नाणी काढून बॅगेतून नेण्याचा बेत असेल तर : विमानतळावरची शुल्कमाफी दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. नाण्यांवर सीमाशुल्क भरावंच लागेल आणि रेड चॅनलमधूनच जावं लागेल. अमेरिकेत विकून पैसे पाठवणं बहुतेकांना सोपं पडतं.

---

रोजकीर्द | ८ डिसेंबर २०२५, रात्री १०.१५

एडिसनकर, २५,००० चं ठरलंच असेल तर डीलरला फोन करण्याआधी हे प्रश्न समोर ठेवा, आणि उत्तरं फोनवर नको, ईमेलवर मागा :

आजच्या स्पॉट भावावर या नाण्याचा प्रीमियम किती टक्के? हेच नाणं आज मी तुम्हाला परत विकलं तर किती द्याल? कस्टोडियन माझ्या पसंतीचा चालेल का? साठवणीचं शुल्क ठोक आहे की किमतीच्या टक्क्यांत? टक्क्यांत असेल तर सोनं चढलं की शुल्कही चढतं. माल एकत्र ठेवणार की वेगळा? खातं बंद करायचं शुल्क किती?

दुसऱ्या प्रश्नाला जो "आमची परत खरेदीची हमी आहे" एवढंच सांगतो आणि आकडा देत नाही, त्याला सोडा. हमी खरेदीची असते, भावाची नाही.

आणि रोलओव्हरनंतरच्या जानेवारीच्या अखेरीस ४०१(के)कडून फॉर्म १०९९-आर (योजनेतून निघालेल्या रकमेचा) येईल. सातव्या चौकटीत "जी" (G) हे अक्षर आहे का बघा. "जी" म्हणजे डायरेक्ट रोलओव्हर, करपात्र रक्कम शून्य. तिथे १ छापलेला असेल तर आयआरएस तुम्ही पैसे काढून घेतले असं धरेल. रिटर्न भरण्याआधीच ४०१(के)वाल्यांकडून दुरुस्त फॉर्म मागवा, नंतर नोटिशीला उत्तर देत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.